दोन इंची लिफ्ट किट, दीड वर्षानंतर: पोट वर गेलं, गोळा तिथेच

गाडीला दोन इंची लिफ्ट किट (गाडी दोन इंच वर उचलणारे लांब स्प्रिंग आणि शॉकअप) टाकून दीड वर्ष झालं, बावीस हजार किलोमीटर झाले, म्हटलं आता लिहायला हरकत नाही. टाकल्या टाकल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं, कारण पहिले पंधरा दिवस मी गाडी लावून दहा पावलं गेलो की मागे वळून बघायचो, इतकी भारी दिसत होती. बायको म्हणाली, "तुझं आणि गाडीचं चाललंय ते चालू दे, मी पुढे जाते."

किटमध्ये चार कॉइल स्प्रिंग, चार गॅसचे शॉकअप, पुढच्या आर्मसाठी, म्हणजे अ‍ॅक्सल चेसिसला धरणाऱ्या दांड्यांसाठी, कॅस्टर बुश (चाक ज्या आसावर वळतं त्याचा कल सुधारणारे रबरी बुश) आणि ब्रेकचे लांब होज एवढं होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण माझ्या निम्म्या तक्रारी मालाबद्दल नाहीतच, बसवणाऱ्याबद्दल आहेत, आणि थोड्याशा माझ्याच अकलेबद्दल. माझी गाडी शिडीसारख्या लॅडर चेसिसची, पुढे मागे दोन्हीकडे सॉलिड अ‍ॅक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी एकच सलग नळी), पार्ट टाइम फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद हवी तेव्हाच जोडायची). हे आधीच सांगून ठेवतो कारण ज्यांच्या गाडीला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक स्वतंत्र हलणारं) आहे त्यांचा हिशेब वेगळा आहे, त्यांच्याबद्दल खाली दोन ओळी आहेत.

किट घेतलं कशासाठी, तर गाडी खालून लागायची. नेहमीचा एक कच्चा रस्ता आहे, चाकोऱ्या खोल गेलेल्या आणि मधे गवताचा उंचवटा, पाऊस झाला की चाकोऱ्या अजून खोल. चाकं चाकोरीत आणि पोट उंचवट्यावर, आणि मग सीटखालून तो खर्रर्र आवाज, जो ऐकला की आपोआप पाय आखडले जातात. एकदा तर गाडी चक्क पोटावर बसली, चारही चाकं फिरतायत आणि गाडी जागची हलत नाही. फावड्याने पाऊण तास माती उकरली. घरी आल्यावर अंगाला लागलेला चिखल धुवायच्या आधीच लिफ्ट किट शोधायला बसलो, आणि चूक झाली ती तिथेच.

चूक अशी की नक्की काय घासतंय ते बघितलंच नाही. ते बघितलं किट टाकल्यावर. एक पांढऱ्या स्प्रे पेंटचा डबा घेतला, गाडीखाली झोपून जे जे खाली लोंबतंय त्याला रंग मारला: मागचा डिफ (डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारा गिअरचा गोळा), पुढचा डिफ, मागच्या शॉकअपचे खालचे ब्रॅकेट, गिअरबॉक्सखालचा क्रॉस मेंबर (चेसिसची आडवी पट्टी), सायलेन्सरचा वळसा, चेसिसच्या दोन्ही पट्ट्या. रंग वाळू दिला, तोच रस्ता जाऊन येऊन केला, परत खाली घुसलो. चेसिसवर एक ओरखडा नाही. क्रॉस मेंबरवर बोटाएवढा पुसटसा. पण मागच्या डिफच्या गोळ्याचा बुडाचा रंग साफ, खाली लोखंड चमकतंय, आणि शॉकअपच्या दोन्ही ब्रॅकेटची टोकं घासून उजळलेली. म्हणजे एवढा खर्च, एवढी खटपट करून गाडीचं पोट वर गेलं आणि जो गोळा सगळ्यात खाली होता तो होता तिथेच राहिला.

हे खरं तर शाळेतल्या पोरालाही कळेल. सॉलिड अ‍ॅक्सलमध्ये डिफ अ‍ॅक्सलच्या नळीतच असतो, अ‍ॅक्सल चाकाला बांधलेला आणि चाक जमिनीवर. स्प्रिंग लांब केली तर स्प्रिंगच्या वरचं सगळं वर जातं, खालचं काहीच जात नाही. माझं मोजमाप सांगतो, गाडी सपाट फरशीवर, टायरमध्ये नेहमीची हवा: मागच्या डिफखाली किटच्या आधी २०५ मिमी, किटनंतरही २०५. क्रॉस मेंबरखाली आधी २५०, नंतर ३००. माहितीपत्रकात ग्राउंड क्लिअरन्स म्हणून एकच आकडा छापतात आणि आपण तेवढाच धरून बसतो, पण गाडीखाली असे पाच-सहा वेगवेगळे आकडे असतात आणि कुठला आकडा आपल्याला नडतोय हे रस्त्यावर ठरतं.

आता किट फुकट गेलं का, तर नाही, अजिबात नाही. पोटावर बसायचा प्रकार बंद झाला. ढोबळ हिशेब करायचा तर व्हीलबेसचा (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) अर्धा आणि पोटाची उंची यावरून कळतं की किती उभ्या टेकाडावरून गाडी पोट न टेकता पलीकडे उतरेल. माझा व्हीलबेस २४०० मिमी, म्हणजे अर्धा १२००. २५० उंचीला तो कोन साधारण साडेतेवीस अंश येतो, ३०० ला अठ्ठावीस. साडेचार अंश कागदावर किरकोळ वाटतात पण बांधावरून गाडी घालताना ते जाणवतात, आधी जिथे मधेच थांबून खाली उतरून बघायचो तिथे आता सरळ जातो. पुढचा मागचा बंपरही वर गेल्यामुळे ओढ्यातून वर चढताना नाक टेकत नाही. त्यामुळे टेकाडं, बांध, खोल चाकोऱ्यांतला उंचवटा यासाठी किट उत्तम. मोठ्या दगडांसाठी मात्र किटने काही होत नाही, दगड गोळ्यालाच लागणार.

मग टायर. गोळा वर न्यायचा तर मोठा टायर हाच सरळ मार्ग. (पोर्टल अ‍ॅक्सल म्हणून प्रकार असतो, त्यात चाकाजवळ गिअर टाकून अख्खा अ‍ॅक्सलच चाकाच्या मध्यापेक्षा वर नेतात, मर्सिडीजच्या उनिमोग ट्रकला तसाच आहे. बघायला झकास, पण तो उद्योग घरगुती नाही.) माझा मूळ टायर २१५/७५ आर १५, त्याची उंची येते ७०३ मिमीच्या आसपास. घेतला २३५/७५ आर १५, तो ७३३. तीस मिमी उंच, पण त्यातला अर्धाच मध्याच्या खाली येतो, म्हणजे गोळा वर गेला फक्त पंधरा मिमी, आणि माझ्या पट्टीवर तर चौदाच भरले. हसू नका. त्या चौदा मिमीने जो फरक पडला तो स्प्रिंगच्या पन्नासने पडला नव्हता. तोच रस्ता, परत पांढरा रंग, आणि या वेळी गोळ्यावर एकच ओरखडा. ब्रॅकेट मात्र तसेच घासले, त्यांच्याकडे येतो.

मोठ्या टायरची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. स्पीडोमीटर खोटं बोलतो, म्हणजे काट्यावर ८० असताना गाडी ८३ च्या वर पळत असते, आणि किलोमीटरही कमी पडतात, हजार दाखवले की खरे १०४३ झालेले असतात. त्यामुळे मायलेज पडलंय असं वाटतं ते थोडं या हिशेबाचं पण असतं, बाकीचं खरंच पडतं. पिकअप जरा मंदावतो, चढावर एक गिअर खाली यावं लागतं. स्टेअरिंग पूर्ण कापलं की डावा टायर आर्मला किंचित घासायचा, ते स्टॉपरला एक वॉशर टाकून थांबवलं, वळणाचा घेर थोडा वाढला. बंप स्टॉपही (सस्पेन्शन टोकाला अडवणारे रबराचे ठोकळे) तपासा, लिफ्टमुळे उभ्या गाडीत टायर आणि मडगार्डमधे भरपूर जागा दिसते पण सस्पेन्शन पूर्ण दबलं की टायर तिथेच जातो जिथे आधी जायचा आणि आता तो मोठा आहे. आणि स्टेपनी! चार टायर घेऊन स्टेपनी जुनीच ठेवायचा मोह मलाही झाला होता. करू नका. लहान चाक लावून फोर बाय फोरमधे टाकलं की पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळ्या वेगाने फिरू बघतात आणि पार्ट टाइम सिस्टिममधे मधे सोडणारं काही नसतं, सगळा ताण ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारी गिअरपेटी) आणि शाफ्टवर येतो.

आता बसवण्याची कहाणी, म्हणजे माझं खरं दुखणं.

गॅरेज मोठं होतं, लिफ्ट वगैरे सगळं, पोरं हुशार वाटली. सकाळी गाडी दिली संध्याकाळी परत मिळाली. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक गतिरोधकावर पुढून कुईं कुईं. फोन केला तर म्हणे, "साहेब, नवीन बुश आहेत, सेट व्हायला वेळ लागतो, पाचशे किलोमीटर चालवा." पाचशे चालवले, दोन हजार चालवले, आवाज तसाच आणि गाडी पुढून जास्तच ताठ. चार महिन्यांनी दुसऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो, त्यांनी खाली बघितलं आणि एकच विचारलं, "बोल्ट आवळले तेव्हा गाडी हवेत होती की चाकांवर?" मला काय माहीत. त्यांनी आर्मचा बोल्ट सैल केला आणि काडकन आवाज आला, आर्म सुटून फिरला आणि गाडी माझ्या डोळ्यांसमोर नाकाकडून खाली बसली. बुश काढून दाखवला तर रबर आतल्या नळीपासून फाटून सुटलेलं, अर्ध्या गोलात.

प्रकार असा की हा बुश म्हणजे बेअरिंग नव्हे, रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं आणि बोल्ट आवळला की नळी जाम होते, पुढची सगळी हालचाल रबर पिळून होते. गाडी लिफ्टवर टांगलेली, अ‍ॅक्सल खाली लोंबतोय, अशा वेळी बोल्ट आवळले तर रबराची विश्रांतीची जागा ती होते. मग गाडी खाली ठेवली की रबर कायमचंच पिळलेलं, आणि खड्ड्यात अजून पिळलं जातं. बरोबर पद्धत म्हणजे सगळे बोल्ट हातानेच लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-तीनदा दाबून हलवायची आणि मग शेवटचं आवळायचं, टॉर्क रेंचने. हे काम कटकटीचं आहे, गाडीखाली सरपटत घुसावं लागतं, म्हणून टाळतात. तेव्हा गाडी टाकताना एवढं एक वाक्य सांगा, "शेवटचं आवळणं चाकांवर," आणि होईपर्यंत तिथून हलू नका.

त्याच मिस्त्रींनी अजून एक गोष्ट दाखवली जी मला कोणीच सांगितली नव्हती. मागच्या अ‍ॅक्सलपासून चेसिसकडे एक बारीक दांडी जाते, ती ब्रेकच्या एका व्हॉल्व्हला जोडलेली असते. गाडी लोड असली की मागून बसते, दांडी हलते, व्हॉल्व्हला कळतं की मागे वजन आहे आणि तो मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर देतो. लिफ्ट केल्यावर चेसिस अ‍ॅक्सलपासून लांब गेली, व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे, कायमची. म्हणजे चार महिने मी सामान भरून, घरच्यांना घेऊन, घाटात मागचा ब्रेक अर्धवट लागत असलेली गाडी चालवत होतो आणि म्हणत होतो की लिफ्टमुळे नाक जरा जास्त दबतं. दांडीचा ब्रॅकेट लिफ्टच्या उंचीइतका सरकवला, झालं. सगळ्या गाड्यांना ही दांडी नसते, पण असेल तर आणि किटमधे तो ब्रॅकेट नसेल तर तो वेगळा करून घ्या. किटला माझे मार्क सगळ्यात जास्त कुठे कापले गेले असतील तर इथे.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सल आडवा सरकू न देणारी दांडी) लांबी न बदलता तसाच ठेवला तर अ‍ॅक्सल बाजूला सरकतो, माझा मागचा पाच मिमी सरकलाय, मी सोडून दिलंय, ज्यांना झोप येत नाही त्यांनी अ‍ॅडजस्टेबल रॉड घ्यावा. स्टेअरिंग सरळ रस्त्यावर तिरकं राहत होतं आणि त्यामुळे ईएसपीचा (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) दिवा लागत होता, ड्रॅग लिंक (स्टेअरिंगपासून चाकाकडे जाणारी दांडी) अ‍ॅडजस्ट करून स्टेअरिंग मधे आणलं की गेला. कॅस्टर बुश किटमधेच होते हे फार बरं झालं, ते नसते तर आर्म खाली झुकल्याने कॅस्टर कमी होतो आणि गाडी हायवेवर म्हशीसारखी इकडून तिकडे डुलत जाते. हेडलाइट खाली करून घ्या, समोरच्याचे शिव्याशाप लागतात. डिफच्या ब्रीदरची (डिफमधली हवा बाहेर सोडणारी) नळी पूर्ण खाली लोंबल्यावरही ताणली जात नाही ना बघा, ब्रेकच्या होजचंही तेच. आणि असला बदल नियमात बसतो का, विम्यावाल्याला चालतो का, हे आधी विचारा, अपघातानंतर विचारून उपयोग नाही.

चालवायला कशी आहे? रिकामी असताना मागून ताठ. गतिरोधकावर मागची सीट बोलते. तीन-चार माणसं आणि सामान टाकलं की मस्त, मूळ सस्पेन्शनपेक्षा बरी, खड्ड्यातून निघाली की एकदाच हलते आणि गप्प होते. स्प्रिंग घेताना किती वजनाची हे विचारतात, तेव्हा आपण फुशारकीने जास्त वजनाची सांगतो. मी सांगितली. माझी गाडी वर्षातले तीनशे दिवस रिकामी पळते, मी हलकी स्प्रिंग घ्यायला हवी होती. वळणावर झुकणं वाढलंय, थोडंच, पण भरधाव वळण घ्यायची सवय असेल तर ती आधी सोडा. आडवा वारा असला की स्टेअरिंग दोन्ही हातात.

उंची मोजायची तर जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजू नका, टायर आणि हवेने आकडा बदलतो. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायचं. माझं पुढे आधी ४८५ होतं, किटच्या दिवशी ५४२ (त्यात त्या जाम आवळलेल्या बुशची मेहेरबानी), बुश नीट झाल्यावर ५३६, आणि आता ५३१. म्हणजे स्प्रिंग पाच मिमी बसली. एवढं बसणं चालतं. मागची दोन्ही बाजूंनी सारखी बसलीये, हे मालाचं कौतुक.

स्किड प्लेट सहा महिन्यांपूर्वी टाकली, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसखाली, चार मिमी लोखंडी. अ‍ॅल्युमिनियमची सहा मिमी घेतली असती तर साधारण निम्म्या वजनात काम झालं असतं, पण अ‍ॅल्युमिनियम दगडाला चावतं, लोखंड घसरून जातं, आणि मला घसरून जाणारी हवी होती. आता गंमत बघा, क्लिअरन्स वाढवायला निघालो होतो आणि प्लेट लावून पोटाचा थोडा परत घालवला, जाडी आणि बोल्टची डोकी मिळून बारा मिमी. पण त्या बारा मिमीच्या बदल्यात खालचा भाग सपाट झाला, कुठे अडकत नाही, आणि लागलं तरी मनाला लागत नाही. बोल्टची डोकी प्लेटमधे बुडालेली असावीत, माझी बाहेर होती, दोन डोकी घासून गोल झाली, पाना बसेना, शेवटी ग्राइंडरने उडवली. ऑइलच्या बोल्टसमोर भोक आहे पण एक इंच चुकलंय, त्यामुळे ऑइल बदलताना अर्धं प्लेटवर सांडतं. चिखल वर साठून वाळतो, महिन्यातून एकदा पाण्याच्या प्रेशरने काढावाच लागतो, नाहीतर दगडासारखा होतो आणि तेवढं ओझं घेऊन फिरायचं.

स्पेसर टाकू का, असं मला आत्तापर्यंत चार जणांनी विचारलंय. स्प्रिंगवर गोल चकती ठेवून उंची मिळते, स्वस्तात मिळते, पण शॉकअप मूळचेच राहतात, मग चाक खड्ड्यात खाली गेलं की शॉकअप टोकाला जाऊन ठाण्णकन वाजतो. अर्धा-पाऊण इंच ठीक, दोन इंच नको. बॉडी लिफ्टने तर चेसिस जागेवरच राहते आणि फक्त डबा वर जातो, मोठा टायर मावतो एवढाच फायदा. इंडिपेंडंट सस्पेन्शनवाल्यांचं उलटं आहे, त्यांचा पुढचा डिफ चेसिसला लटकलेला असल्याने लिफ्टबरोबर तो वर जातो, पण अ‍ॅक्सल शाफ्टचे कोन वाढतात आणि सीव्ही जॉइंटचे (शाफ्टच्या वाकणाऱ्या सांध्यांचे) रबरी बूट लवकर फाटतात, म्हणून मग कोन कमी करायला डिफ परत खाली पाडायचे स्पेसर टाकतात. म्हणजे चढवलं आणि उतरवलं.

आणि एक फुकटचा उपाय, जो सगळ्याच्या आधी करायला हवा होता. गाडीखाली वाकून पुढचा डिफ कुठल्या बाजूला आहे ते बघून ठेवा, बऱ्याच गाड्यांत तो मधोमध नसतो, एका बाजूला असतो. मोठा दगड समोर आला की तो दुसऱ्या बाजूने खालून काढायचा, किंवा सरळ त्याच्यावर चाक चढवायचं, म्हणजे गोळाही चाकाबरोबर वर जातो. दगड दोन चाकांच्या मधे घ्यायचा ही हायवेवरची सवय मोडायला मला किटपेक्षा जास्त वेळ लागला. आणि वाळूत हवा कमी केली की टायर बसतो, तेव्हा ते मेहनतीने कमावलेले चौदा मिमी तिथे विसरायचे.

आईला गाडीत चढता येत नाही, हे कुठल्याच रिव्ह्यूमधे लिहिलेलं नव्हतं. आता डिकीत एक प्लास्टिकचं स्टूल असतं. ती बसली की मी स्टूल उचलून मागे ठेवतो, उतरायच्या आधी काढून देतो, आणि प्रत्येक वेळी तिचं एकच, "आधीची बरी होती की रे."

मार्क द्यायचे तर किटला पाचपैकी साडेतीन, टायरला साडेचार, स्किड प्लेटला तीन, त्या पहिल्या गॅरेजला अर्धा, तोही गाडी पुसून दिली म्हणून. शॉकअपच्या खालच्या ब्रॅकेटचं काम राहिलंय, मिस्त्री म्हणतात लोंबणारं टोक कापून, पट्टी मारून वीसेक मिमी वर घेता येईल, वेल्डिंग त्यांच्याच हाताने. जुन्या स्प्रिंगा आणि शॉकअप तेल लावून माळ्यावर ठेवलेत, विकणार नाही, गाडी द्यायची वेळ आली की त्याच परत बसवायच्या आहेत.